डबा टांगायची काठी

आमच्या धरणात पाणी नसतं. पाहुणे येतात, वर चढून बघतात आणि हसतात. "एवढी माती रचली ती गवत पोसायला होय?" असं प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात विचारतो. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. आता "हो, गवताला उंचावर बरं वाटतं" म्हणते आणि चहा टाकते.

गोष्ट साधी आहे. गावाच्या वरच्या अंगाला टेकड्या आहेत आणि त्यांतून एक ओढा येतो. एरवी तो इतका गरीब असतो की चप्पल न काढता ओलांडावा. पण टेकड्यांवर मोठा पाऊस झाला की तो कोणाला ओळख देत नाही. पूर्वी तो सरळ आमच्या खालच्या गल्लीत शिरायचा. म्हणून त्याच्या वाटेत मातीचा आडवा बांध घातला आणि तळाशी एक नळ ठेवला. पूर आला की पाणी बांधाच्या पोटात साठतं आणि नळातून बेताबेतानं खाली उतरतं. मग पोट पुन्हा रिकामं. रिकामं राहणं हेच त्याचं काम, आणि माणसांना नेमकं तेच काम दिसत नाही.

गल्लीत आमचं घर सगळ्यांत खाली. पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. यंत्राच्या मागच्या भिंतीवर, दोऱ्यांच्या फळीच्याही वर, एक मातकट रेघ आहे. कितीही रंग काढला तरी ती वर्षभरात पुन्हा डोकं काढते. त्या रेघेपर्यंत एकदा पाणी आलं होतं. तेव्हा माझ्या सासूबाई याच खोलीत टेबलावर उभ्या राहिल्या होत्या, पाणी उतरेपर्यंत, तान्ह्या मुलाला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. तो मुलगा आता माझा नवरा आहे, आणि त्याचं आजचं वजन बघता ती वेळ पुन्हा येऊ नये हेच बरं.

त्या पुरानंतर बांध मंजूर व्हायला इतकी वर्षं लागली की तोवर त्या मुलाला मिशा फुटल्या. बांध झाला आणि पुढच्याच वर्षी मी या घरात सून म्हणून आले. पाणी घरात शिरलेलं मी एकदाही पाहिलं नाही. मला आयती कोरडी गल्ली मिळाली. यंत्रही आयतं मिळालं. ते सासूबाईंचं. त्यांनीच मला शिवण शिकवलं, आणि त्या असेपर्यंत याच खोलीत आम्ही दोघी समोरासमोर बसून कामं उपसली. त्यांचे हात चालत तसं तोंडही चालायचं. कोणाच्या बाहीची गोष्ट कोणाच्या लग्नापर्यंत पोचेल याचा नेम नसायचा.

मामंजींचं तसं नाही. सासरेबुवा मोजून मापून बोलणार, आणि त्यातलं निम्मं मिठाबद्दल. माझ्या हातच्या जेवणात मीठ कमी असतं असं त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं मत आहे. गल्ली त्यांना मुकादम म्हणते. बांध घातला तेव्हा ते मजुरांवर मुकादम होते, आणि बांध पुरा झाला तरी मुकादमकी काही अंगावरून उतरली नाही. रोज सकाळी खुरपं आणि घमेलं घेऊन ते बांधावर जातात. मातीच्या बांधाला गवत चालतं, कारण गवताची मुळं माती धरून ठेवतात. झाड चालत नाही. झाडाची मुळं खोल जातात, एखादं कुजलं की त्याच्या जागी पोकळी राहते, आणि पाण्याला तेवढी वाट पुरते. हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे, कारण मामंजींनी ते प्रत्येकाला कान धरून शिकवलं आहे. उंदराचं बीळ दिसलं की ते बुजवतात, रोप दिसलं की उपटतात. समोरच्या न्हाव्याच्या मुलीनं एकदा बांधावर हौसेनं गुलाबाची फांदी रोवली होती. मामंजींनी ती उपटून तिच्या हातात ठेवली आणि ती घरापर्यंत रडत आली.

आणि त्याच बांधाच्या गावाकडच्या उतारावर, अगदी मधोमध, एक डेरेदार तुतीचं झाड उभं होतं.

ते सासूबाईंचं झाड. बांधाचं काम चालू असताना त्या रोज दुपारी मामंजींचा डबा घेऊन जायच्या. तिथं नव्या मातीत त्यांनी एक ओली काठी रोवली होती. तुतीच ती, तिला पालवी फुटली. सासूबाई असताना रोप लहान होतं. "उपटू या पुढच्या आठवड्यात," असं मामंजी म्हणायचे. मग एका आजारपणात सासूबाई गेल्या, आणि तो पुढचा आठवडा आलाच नाही. "तिनं माझ्यासाठी सावली लावली," असं मामंजी लोकांना सांगत. दुपारी तिथंच बसून जेवत.

झाड धोक्याचं आहे हे काय कोणाला कळत नव्हतं? पण या माणसानं गल्ली कोरडी ठेवली. प्रत्येक घरातली कोणती ना कोणती वस्तू त्याच्यामुळे वाचली होती. त्याला जाऊन सांगणार कोण, की मुकादम, तुमच्या बायकोचं झाड तोडा? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? सगळे मूग गिळून गप्प बसले. पोरं तुती खायची, आणि मोठी माणसं पोरांचे जांभळे हात बघून दुसरीकडे बघायची. माणूस उपकार मानतो तेव्हा त्याची जीभ जड होते, असं मला तेव्हापासून वाटतं. माझीसुद्धा झाली होती, आणि माझी जीभ कशी आहे ते गल्लीला विचारा.

यंदा पावसाळ्याच्या आधीच एक अवकाळी सर टेकड्यांवर झोडपून गेली. बांधाचं पोट अर्धं भरलं आणि ओसरलं. त्यानंतर तपासणीला एक इंजिनिअर बाई आल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. बांधावरून उतरल्या त्या सरळ माझ्या दुकानात आल्या, कारण त्यांच्या पिशवीचा बंद तुटला होता. एक बूट घोट्यापर्यंत चिखलानं भरला होता.

"कोरड्या दिवसांत चिखल कुठं सापडला तुम्हांला?" मी बंद यंत्राखाली सरकवत विचारलं.

"तेच सांगायला आलेय, ताई," त्या म्हणाल्या. "तुतीच्या खाली पाय रुतला. वरून माती कोरडी दिसत होती, आत ओल आहे. पोट अर्धं भरलं तेव्हा पाणी मुळांच्या वाटेनं पलीकडून आलंय. या खेपेला थेंबाथेंबानं आलं. पण पोट पूर्ण भरलं, की तीच वाट रुंद होत जाईल."

मी यंत्र थांबवलं. "म्हणजे फुटेल?"

"फुटू शकतो. झाड काढून, मुळं खणून, नवी माती थराथरानं ठोकून भरली तर काही होणार नाही. पण पाऊस लागायच्या आत." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मी पुष्कळ बांध बघितले. इतका निगुतीनं राखलेला एकही नाही. त्या आजोबांना हे कसं सांगायचं? माणसं पाठवून तोडता येईल मला. पण त्यांनी राखलेल्या बांधावर त्यांना न विचारता कुऱ्हाड घालायची, हे माझ्यानं होत नाही."

मला ती पोरगी एकदम आवडली. बंद मी दुहेरी शिवून दिला.

संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर आमची सभा भरली. सभा म्हणजे मी, माझा नवरा आणि समोरचा न्हावी. न्हावी म्हणाला, "वहिनी, मी त्यांच्या गळ्यावर रोज वस्तरा धरतो. त्या वेळी ही गोष्ट काढली तर घाबरून माझाच हात हलेल." नवऱ्याची युक्ती त्याहून थोर होती. "बाबांना आठवडाभर माझ्या बहिणीकडे पाठवू. ते परत येईपर्यंत झाड गेलेलं असेल. सुंठीवाचून खोकला जाईल."

"आणि परत आल्यावर काय सांगाल? वाऱ्यानं नेलं, मुळांसकट?" मी म्हटलं. "त्यांनी तुमचं घर राखलं आणि तुम्ही त्यांना फसवून त्यांच्या बायकोचं झाड तोडणार? मिठावरून भांडतो आम्ही, ते तोंडावर भांडतो. पाठीमागून असलं काही माझ्या घरात चालणार नाही."

"मग सांगणार कोण?" नवऱ्यानं विचारलं. दोघंही माझ्याकडे बघत होते. बोलून मीच फसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः डबा घेऊन बांधावर गेले. मामंजी तुतीखाली वाकले होते. मला वाटलं, गवत काढताहेत. जवळ गेले तेव्हा दिसलं. घमेल्यात कोरडी माती होती आणि ते ती मुठीमुठीनं ओल्या जागेवर पसरत होते, वर हातानं सारखी करत होते.

बाईंना वरून माती कोरडी दिसली होती ती का, ते मला तिथं कळलं.

"मामंजी," मी म्हटलं, "तुम्हांला माहीत होतं."

ते दचकले नाहीत. हात झाडत खाली बसले. "मागच्या वर्षीपासून," ते म्हणाले.

"मागच्या वर्षीपासून? आणि तुम्ही माती टाकून झाकताय?"

"तिनं लावलंय ते," ते म्हणाले. "माझ्यासाठी लावलंय. सगळं गेलं, एवढंच आहे. मी आहे तोवर राहू दे. मी लक्ष ठेवतो ना."

मला राग आला. इतका आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. या माणसानं एका पोरीचा गुलाब उपटला होता. आणि जी गोष्ट मी सासूबाईंच्या तोंडून ऐकली होती, आणि मामंजींचं मन मोडू नये म्हणून कधी बोलले नव्हते, ती माझ्या तोंडातून निघाली.

"सावलीसाठी नव्हती लावली ती काठी," मी म्हटलं. "सासूबाईंनी मला सांगितलंय. नव्या मातीतून मुंग्या उठायच्या आणि डब्यात शिरायच्या. तुम्ही मजुरांच्या पुढं उभे, डब्याकडे तुमचं लक्ष नाही. म्हणून त्यांनी कुंपणातली काठी मोडून रोवली आणि डबा वर टांगला. झाड व्हावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना झाड नको होतं, मामंजी. बांध हवा होता. ज्या बाईनं पोराला डोक्यावर धरून पाणी उतरायची वाट बघितली, ती तुम्हांला रोज भर उन्हात डबा कशासाठी आणून देत होती? हा बांध व्हावा म्हणून. तुमच्या पोटात चार घास जावेत आणि माती नीट ठोकली जावी म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "घेऊन जा. भूक नाही."

घरी येऊन मी यंत्रावर बसले आणि एका सदऱ्याची बाही उलटी जोडली. उसवली, पुन्हा उलटीच जोडली. पोराचं खेळणं हिसकावून घ्यावं तसं मी एका म्हाताऱ्याकडून त्याची सावली हिसकावून घेतली होती. खरं होतं म्हणून काय झालं? रात्री ते जेवले नाहीत. नवरा म्हणाला, "सांगितलंस ना? झालं तर मग." काही झालं नव्हतं.

सकाळी गल्लीत एक आवाज ऐकू आला. तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. खणखणीत, दारादारावर थांबत येणारा.

"धुम्मस काढा! ज्याच्या घरी असेल त्यानं आणा. कुदळी घ्या, घमेली घ्या. माती वरच्या खाणीतली आणायची, चिकण. चला, उन्हं चढायच्या आत!"

धुम्मस म्हणजे माती ठोकायचा जड ठोकळा, उभा दांडा लावलेला. बांधाच्या वेळचे ते ठोकळे कोणी दाराला टेकण म्हणून ठेवले होते, कोणी परसात टाकून दिले होते. बघता बघता ते सगळे बाहेर आले. न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच बसवून आला, आणि थोड्या वेळानं ते गिऱ्हाईकही साबणासकट आलं. आमच्या दारात मामंजी थांबले. मुलाला म्हणाले, "तू काय बघतोस? तुझ्यासाठी केलं हे सगळं. चल." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इंजिनिअर बाईंना निरोप धाड. त्यांच्यासमोर व्हायला हवं."

बाई आल्यावर पहिली कुऱ्हाड मामंजींनी घातली. एकच घाव, मग दांडा मुलाच्या हातात दिला. झाड पडलं. पोरांनी फांद्यांवर झडप घातली, कारण तुती कुठंही रोवली तरी जगते, आणि न्हाव्यानं दोन चांगल्या फांद्या आपल्या दारासाठी बाजूला काढल्या. "मुकादम, एक तुमच्या दाराला?" त्यानं विचारलं. मामंजींनी मान हलवली. "मला नको," म्हणाले.

बुंधा निघाला आणि मग मुळं. बाई सांगत होत्या तसं एकेक मूळ माग काढत खणायचं होतं. एक मूळ बांधाच्या पोटात खोल गेलं होतं आणि आतून कुजलं होतं. ते ओढलं तसं सालीचं नळकांडं तेवढं हातात आलं. मागे भोक राहिलं. मामंजींनी खाली बसून त्यात बोट घातलं. बोट आत गेलं, मग पंजा गेला. बाहेर काढला तेव्हा हात मनगटापर्यंत ओला होता.

तो ओला हात त्यांनी सगळ्यांना दाखवला. फिरून, एकेकाला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मी माती टाकून झाकत होतो. तुम्ही सगळे मला देव मानून गप्प बसलात. पुन्हा कोणासाठी गप्प बसू नका. माझ्यासाठी तर नाहीच." मग त्यांनी न्हाव्याच्या मुलीला शोधलं आणि तिच्या डोक्यावर कोरडा हात ठेवला. "तुझा गुलाब मी उपटला आणि माझं झाड ठेवलं. चुकलं माझं." ती म्हणाली, "दुसरा लावलाय मी, दारात." सगळे हसले. मामंजीसुद्धा.

मग माती भरणं सुरू झालं. हाताच्या रुंदीएवढा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, ठोकायचा, मग पुढचा थर. घाई केली की मामंजी ओरडायचे, आणि ते ओरडले की बाई हसून मान डोलवायच्या. आठवडाभर गल्लीतला प्रत्येक हात तिथं लागला. मीही धुम्मस घातली, आणि नंतर दोन दिवस मला कात्री उचलेना. दुपारी मी डबा घेऊन जायचे. टांगायला जागा नव्हती, खाली मुंग्या होत्या. म्हणून मामंजी कामातून मोकळे होईपर्यंत मी डबा हातात धरून उभी राहायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी मला तशी उभी असलेली बघितलं. मग येऊन डबा घेतला.

"मीठ?" मी विचारलं.

"आहे," ते म्हणाले. घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ जास्त लागतं म्हणून मी मुद्दाम वाढवलं होतं. तेही सासूबाईंनीच सांगितलेलं.

पावसानं आम्हांला थोडीच उसंत दिली. मग टेकड्या दिसेनाशा झाल्या आणि सलग दोन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. बांधाचं पोट कधी नव्हे इतकं भरलं, पार जास्तीचं पाणी सोडायच्या सांडव्याच्या ओठापर्यंत. सगळी गल्ली छत्र्या, पोती घेऊन बांधाखाली उभी होती. इंजिनिअर बाई आणि मामंजी उताराच्या पायथ्याशी वाकले होते. बांधाच्या पोटातून पाणी येतंय का, हे पायथ्याच्या चरावरून कळतं. चरात उतारावरचं पावसाचं पाणी होतं, पण आतून ढकलून आलेलं, गढूळ असं काही नव्हतं. भरलेली जागा घट्ट होती. बाईंनी बुटाची टाच जोर लावून रोवून बघितली, ती आत गेली नाही. त्यांनी वर बघून हात केला, आणि माझा जीव भांड्यात पडला. तळाच्या नळातून पाणी आपल्या बेतानं बाहेर पडत होतं आणि ओढ्याच्या काठांत राहून गावाबाहेर जात होतं.

मी घरी परत आले. पुढच्या खोलीत आले आणि भिंतीवरच्या त्या रेघेकडे बघितलं. खाली फरशी कोरडी होती. कपड्यांचे गठ्ठे जमिनीवर जसे ठेवले होते तसेच होते. मला यंत्राला हात लावून रडू आलं. ज्या पाण्यात एक बाई टेबलावर उभी होती तेच पाणी आज बाहेरून निघून चाललं होतं, आणि मी तिच्या यंत्रावर बसले होते. कोणाकोणाचे आभार मानायचे, हा हिशेब माझ्यानं होईना.

थोड्या वेळानं मामंजी आले. डोकं पुसलं, आणि कधी नव्हे ते दुकानात, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. सासूबाई गेल्यापासून ते या खोलीत बसले नव्हते. येता-जाता मान वळवून निघून जायचे. बाहेर पाऊस चालूच होता.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"नंतर." त्यांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. सासूबाईंचा पाट तिथं असायचा. "तू सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "मला वाटत होतं, तिचं जे होतं ते सगळं त्या झाडात आहे. ती मुंग्यांची गोष्ट मला ठाऊकच नव्हती. माझ्याशी ती एवढं बोलायची नाही. मी ऐकायचो कुठं?" ओला टॉवेल त्यांनी गुडघ्यावर नीट घडी करून ठेवला.

"सूनबाई, या खोलीत तुम्ही दोघी दिवसदिवस बोलत होतात," ते म्हणाले. "आणखी काय काय सांगायची ती?"

मी हातातलं शिवण बाजूला ठेवलं आणि सांगायला बसले.